कोरफडीच्या डब्यातले वाल

टिपणीसताईंच्या घराण्याचं बियाणं मी खाल्लं, हे आधीच सांगून टाकतो. नुसतं खाल्लं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण मी त्याची उसळ केली, तिला ओव्याची फोडणी दिली, वरून ओलं खोबरं पेरलं आणि एक वाटी भरून खुद्द टिपणीसताईंना नेऊन दिली. त्या गावाहून दीड दिवसाचा प्रवास करून निजामुद्दीनला उतरल्या होत्या आणि हातपाय धुऊन नुकत्या कुठे टेकल्या होत्या. त्यांनी वाटी संपवली. "मीठ जरा कमी आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण वाल अगदी आमच्याकडच्यासारखे. दिल्लीत कुठे मिळाले तुम्हाला?"

मी कौतुकाने बोट दाखवलं. त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीकडे.

घडलं होतं ते असं. १९९५चा जून. ताई एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवाससवलत, घेऊन रोह्याजवळच्या आपल्या गावी गेल्या होत्या. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर आणि बरोब्बर त्यांच्या पायाखाली, दुसऱ्यावर, आम्ही. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. काम एवढंच की रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचं. पण दिल्लीच्या जूनमध्ये सकाळी घातलेलं पाणी दुपारी तुळशीला आठवतसुद्धा नाही, म्हणून मी आपणहून संध्याकाळीही जाऊ लागलो. तिथेच घात झाला. सकाळी माणूस चार्टर्ड बस चुकेल या धास्तीत असतो, इकडेतिकडे बघत नाही. संध्याकाळी बघतो. वरच्या फळीवर डब्यांच्या मागे एक काचेची बरणी दिसली. बरणीत राख होती आणि राखेत वाल होते. कडवे वाल.

दिल्लीत अकरा वर्षं काढलेल्या मराठी माणसाला कडवे वाल दिसले की काय होतं, ते मी समजावून सांगू शकत नाही. माझी बायको साधना म्हणते की समजावून सांगण्यासारखं त्यात काही नाही, त्याला अधाशीपणा म्हणतात.

तरी मी विचार केला होता. ताईंच्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असायची. 'तूरडाळ, मार्च.' 'साबुदाणा, एकादशीपुरता.' एका डब्यावर 'रिकामा' अशीसुद्धा चिठ्ठी होती आणि तो खरोखरच रिकामा होता. बरणीवर मात्र चिठ्ठी नव्हती. त्यावरून मी असं ठरवलं की ही बरणी ताई विसरलेल्या दिसतात, वालांवर पार धूळ बसलीय, आता यांना भुंगा लागायच्या आत कोणीतरी वाचवलं पाहिजे. मी ते वाचवले. चाळणीत घेऊन राख धुतली तेव्हा एक कागदाचा लगदा निघाला, तो फेकून दिला. ती चिठ्ठी होती. बरणीवर नव्हे, बरणीच्या आत, वालांच्या मधोमध. तिच्यावर काय लिहिलं होतं ते ताईंनी नंतर मला तोंडी सांगितलं: 'बियाणे. आईचे. हात लावू नये.'

ही कुमुद टिपणीस बावीस वर्षांची असताना, बासष्ट साली, कसलीशी परीक्षा पास होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आली. बरोबर एक होल्डऑल होता आणि आईने बांधून दिलेली वालांची पुरचुंडी होती. तिथे काही मिळत नाही म्हणे, एवढंच आई म्हणाली होती. आईने ते बिरड्यासाठी दिले होते. ताईंच्या घरी उसळ म्हणत नाहीत, बिरडंच म्हणतात आणि कोणी उसळ म्हटलं की त्या अर्धा क्षण थांबतात. पण ताईंनी पुरचुंडीतले निम्मेच शिजवले आणि निम्मे वर्किंग विमेन्स हॉस्टेलच्या कुंपणालगत पेरले. पुढे लक्ष्मीबाई नगरात तळमजल्याचं क्वार्टर मिळालं, तेव्हा ते मागच्या अंगणात लावले. वेल भिंतीवर असा काही पसरायचा की डावीकडचे बंगाली आणि उजवीकडचे तमिळ, दोघेही त्याला आपापल्या बाजूने आपलाच समजायचे. दर जुलैत पेरायचं, दर फेब्रुवारीत वाळलेल्या शेंगा काढायच्या, थोडं बिरडं करायचं, उरलेलं बियाणं राखेत घालून ठेवायचं. तेहेतीस वर्षं. या काळात ताईंनी लग्न केलं नाही, बदली मागितली नाही आणि माझ्या माहितीत एकही गोष्ट हरवली नाही.

हरवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या आपल्या मंत्रालयात रेकॉर्ड सेक्शन सांभाळत होत्या. अठ्ठावन्न सालची फाईल कोणी मागितली तर त्या आधी त्या माणसाकडे बघत, मग सही घेत, मग फाईल देत आणि चौथ्या दिवशी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहत. काही बोलत नसत, नुसत्या उभ्या राहत. मोठमोठे अंडर सेक्रेटरी फाईल काढून देत. घरातही तसंच. आईच्या चार पाटल्या बँकेच्या लॉकरात होत्या आणि दर दसऱ्याला त्या लॉकर उघडून, पाटल्या बघून, पुन्हा ठेवून येत. घालत नसत. एकदा साधनेने विचारलं, घालत का नाही. तर म्हणाल्या, आहेत एवढं बघितलं की पुरतं.

तर अशा बाईचं बियाणं.

माझं बोट वरच्या फळीकडे गेल्यावर त्यांनी मान वर केली. फळीकडे बघितलं. मग वाटीकडे बघितलं. मग हात पुढे केला. मला वाटलं अजून वाढा म्हणतायत. त्या म्हणाल्या, "किल्ली."

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको की शेजारणीने किल्ली काढून घेणं म्हणजे काय. त्याच संध्याकाळी ती चौथ्या मजल्यावर अलकनंदावहिनींकडे गेली, ही बातमी आम्हाला दूधवाल्याकडून कळली.

पण खरा धक्का साधनेने आणला. ती वर जाऊन ताईंशी बोलून आली आणि सोफ्यावर बसूनच राहिली. ताईंच्या भावाने गावची जमीन विकली होती. आता तिथे मुंबईच्या कोणाचं तरी फार्महाऊस झालं होतं, निळ्या टाकीचं आणि विलायती गवताचं. आजूबाजूलाही तेच. त्या जातीचे वाल गावात आता कोणी पेरतच नव्हतं. भाची पद्मजा तेवढी परसात भाजी लावायची, ती म्हणाली, आत्या, आजीचे वाल आता कुठेच नाहीत. तेव्हा ताई चारचौघांत म्हणून आल्या होत्या की कसे नाहीत, माझ्याकडे दिल्लीत आहेत, पुढच्या खेपेला घेऊन येते.

"म्हणजे," साधना म्हणाली, "जगात उरलेले सगळे वाल तुम्ही शनिवारी खाल्लेत."

मी म्हटलं, "तूसुद्धा दोनदा घेतलेस."

त्यावर आमच्याकडे दोन दिवस फक्त कामापुरतं बोलणं झालं.

रविवारी मी करोल बागेत गेलो. तिथे एक जुना वाणी आहे, त्याच्याकडे गोडा मसाल्यापासून आमसुलांपर्यंत सगळं मिळतं. त्याने कडवे वाल काढून दिले. मी घरी आणून ते राखेत घोळले. राख गॅसच्या जमान्यात मिळते कुठे? कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची मागून आणली. तशीच एक बरणी शोधली आणि तोंडावर जमेल तेवढा पश्चात्ताप ठेवून वर गेलो. ताईंनी एक दाणा उचलला, पदराला पुसला, उजेडात धरला, दातांनी टोकरला.

"गुजरातचे," म्हणाल्या आणि बरणी परत दिली.

त्यानंतर आठवड्याभराने माझी वाटी परत आली. ताई स्वतः घेऊन आल्या. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नाही तर साखरेचे चार दाणे तरी घालतात. ताईंकडून तर वाटी कधी लाडू घेऊन यायची, कधी लिंबाचं लोणचं. त्या दिवशी त्यांनी वाटी टीपॉयवर ठेवली आणि ती घासूनपुसून लख्ख रिकामी होती. साधनेने ती उचलली, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. न बोलता एवढं मोठं भाषण मी आयुष्यात ऐकलं नाही.

तेवढ्यात आमची कन्या रुचिता बाल्कनीतून ओरडली. रुचिता दिल्लीत जन्मलेली, वय वर्षं अकरा. तिचं मराठी वाटेत कुठेकुठे हिंदीच्या स्टेशनांवर थांबतं.

"बाबा, आपल्या कोरफडला बीन्स आल्यात, यार."

आता या कोरफडीबद्दल सांगायला हवं. त्या सुमारास माझ्या डोक्यावरचे केस मला सोडून चालले होते आणि नव्या केबल टीव्हीवर दर दहा मिनिटांनी एक बाई कोरफडीचं काहीतरी लावून केस झटकत होती. मी ऑफिसातल्या एका राजस्थानी मित्राकडून कोरफडीचं एक पिल्लू आणलं, रंगाच्या मोठ्या डब्यात लावलं आणि तिच्या प्रेमात पडलो. पाणी घातलं नाही तरी तक्रार नाही. लू सुटो, आंधी येवो, वर धुळीचा थर बसो, ही आपली काटे काढून बसलेली. आठवड्याला एक पान कापायचं, गर डोक्यावर थापायचा. केस आले नाहीत, पण टाळू फार तुकतुकीत झाली.

यावरून ताईंशी माझा वर्षभर वाद चालला होता. त्या बाल्कनीत डब्यांत वाल लावायच्या, तेव्हा मी खालून म्हणायचो, "ताई, लावावी तर कोरफड. रोज पाणी नको, काठी नको, सुतळी नको. वालांचे लाड पुरवता पुरवता तुम्ही रिटायर व्हाल."

"जेवणात काय वाढता तुमची कोरफड?"

"भाजी करतात तिची राजस्थानात."

"करा आणि मला बोलवा."

मी एकदा केली होती. साधनेने पहिला घास तोंडात घेतला आणि म्हणाली की लहानपणी आईने अंगठा चोखायचं सोडवायला बोटाला लावलं होतं ते हेच. ताईंना बोलावणं गेलं नाही.

तर रुचिताच्या हाकेसरशी आम्ही बाल्कनीत गेलो. कोरफडीच्या बुडाशी दोन-दोन पानांची तीन रोपं उभी होती. मला वाटलं तण आहे, म्हणून मी वाकून हात घातला. ताईंनी माझं मनगट धरलं. तेहेतीस वर्षं फायली उचललेला हात तो. मी होतो तसा वाकलेलाच राहिलो.

"सालं कुठे टाकली होती?" त्यांनी विचारलं.

मग मला आठवलं. वाल सोलताना काही दाणे फुगलेच नव्हते, दगडासारखे राहिले होते. असे न भिजणारे दाणे, ज्यांना गणंग म्हणतात, ते मी सालांबरोबर कोरफडीला खत म्हणून टाकले होते. पंधरा दिवस डब्यात पडून, जुलैचा पाऊस पिऊन, ते आता सावकाश उठले होते.

ताई डब्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी तिन्ही रोपांची पानं एकेक करून बघितली. मग उठल्या आणि त्यांनी मला नियम सांगितले. रोपं काढून दुसरीकडे लावायची नाहीत, वालाचं मूळ हललं की तो खलास. कोरफडही उपटायची नाही, तिच्या मुळांबरोबर यांची जातील. डबा आहे तिथेच राहील. त्या रोज सकाळी पावणेसातला, बस पकडायच्या आधी, बघायला येतील. मी फक्त पाणी घालायचं.

फक्त पाणी. आता माझी पंचाईत बघा. वालाला रोज पाणी हवं. कोरफडीला रोज पाणी म्हणजे मरण. आठ दिवसांत ती बुडापासून मऊ पडली, पानं तपकिरी होऊन एकेक आडवं होऊ लागलं. टीव्हीवरची बाई केस झटकत होती आणि इकडे माझी शेवटची आशा कुजत होती. मी कानात औषध घालायचा ड्रॉपर घेतला आणि थेंब मोजून नेमके वालाच्या बुंध्याशी टाकू लागलो. चौथ्या दिवशी ताई नेमक्या वेळेआधी आल्या.

"काय करताय?"

"पाणी घालतोय."

"त्याचा कान दुखतोय का?"

शेवटी युक्ती साधनेने काढली. डब्याच्या कोरफडीकडच्या बाजूखाली एक वीट सरकवली. डबा तिरका झाला. पाणी सगळं उताराला वालांकडे जाऊ लागलं आणि कोरफड वर कोरडी बसली. एकाच डब्यात राजस्थान आणि कोकण. कोरफडीची चार पानं वाचली. ताईंनी वीट बघितली, डब्याला दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं आणि पावणेसातच्या फेरीला बरोबर आणत असत त्या वहीत नोंद केली. काय लिहिलं म्हणून मी डोकावलो. लिहिलं होतं, 'वीट (साधना).'

तीन रोपांतलं एक कबुतरांनी खाल्लं. दुसऱ्याला आमच्या कूलरवाल्याने कूलर सरकवताना पायाखाली घेतलं. उरलं एक. त्या एका वेलाला मी काठी दिली, सुतळी दिली, पण त्याला दोन्ही पसंत पडेनात. ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच एक आधार शोधला. केबलची वायर.

तेव्हाच्या दिल्लीत केबलची वायर कुठूनही कुठेही जायची. आमच्याकडे ती रस्त्यापलीकडच्या सोसायटीवरून लोंबकळत आमच्या बाल्कनीत यायची, तिथे एका काळ्या डबीत शिरायची आणि डबीतून निघून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आणि तिथून शेजारच्या ब्लॉकमध्ये जायची. वाल त्या वायरीला असे काही बिलगले की सप्टेंबरात ते ताईंच्या बाल्कनीत पोहोचले. ताईंकडे केबल नव्हती. वायर नुसती त्यांच्या कठड्यावरून वर जायची. त्या म्हणाल्या की इतक्या दिवसांत केबलने त्यांना दिलेली ही पहिली बघण्यासारखी गोष्ट. मूळ माझ्याकडे, फुलं त्यांच्याकडे. नोव्हेंबरात पांढरे तुरे आले, डिसेंबरात शेंगा. ताईंनी त्या मोजल्या. सत्तावीस.

जानेवारीच्या धुक्यात त्या हिरव्याच राहिल्या. बियाणं म्हणून धरायचं तर शेंगा वेलावरच वाळून खडखडल्या पाहिजेत. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या, अजून दहा-बारा दिवस हवे होते. आणि नेमका तेव्हाच क्रिकेटचा वर्ल्ड कप सुरू झाला.

वेलाच्या ओझ्याने वायर डबीतून सैल झाली होती. आमच्याकडे चित्र स्वच्छ, पण आमच्या वर सगळीकडे टीव्हीवर मुंग्या. बॅट्समन कोण आणि अंपायर कोण ते कळेना. चौथ्या मजल्यावरचे पद्माकर धारप, म्हणजे अलकनंदावहिनींचे यजमान आणि सोसायटीचे सेक्रेटरी, केबलवाल्याला घेऊनच आमच्याकडे आले. केबलवाल्याने वर बघितलं आणि निकाल दिला, "ये जंगल काटना पड़ेगा, भाईसाहब. पुरानी तार खींचके नयी डालूँगा, आधे घंटे का काम है।"

जुनी वायर ओढली की वेल तिच्याबरोबर येणार, हे उघड होतं. ताईही खाली आल्या. धारपांनी त्यांना फार अदबीने समजावलं की घरोघरी लोक खोळंबलेत, शेजारच्या ब्लॉकमधले तर भांडायच्या बेतात आहेत, आणि हे म्हणजे एका शेंगेसाठी...

"सत्तावीस," ताई म्हणाल्या.

"सत्तावीस. पण ताई, तुम्हीच सांगा, काय करायचं?"

मला वाटलं आता त्या रेकॉर्ड सेक्शनसारख्या नुसत्या उभ्या राहतील आणि धारप आपोआप निघून जातील. पण त्या धारपांकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"डबी यांच्या बाल्कनीत आहे," त्या म्हणाल्या. "यांना विचारा."

मी क्रिकेटवेडा माणूस. आतून कॉमेंट्री ऐकू येत होती आणि माझं अर्धं मन आतच होतं. पण पद्मजाला दिलेला शब्द होता, जगातले शेवटचे वाल होते, शनिवारची उसळ होती. मी म्हणालो, वायरला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे चित्र स्वच्छ दिसतं. वेल वाळेपर्यंत ज्याला मॅच बघायची असेल त्याने आमच्याकडे येऊन बघावी.

आतून साधनेच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ते बारा दिवस मी विसरणार नाही. आमच्या साडेअकरा फुटांच्या दिवाणखान्यात कमीत कमी तीस माणसं. शेजारच्या ब्लॉकचे एक सरदारजी तर सामना असो नसो, सकाळीच येऊन जागा धरत. साधना चहाचं पातेलं उतरवत नव्हती, रुचिता जिन्यात बसलेल्यांना पायरीपायरीने कप पोचवत होती, आणि मी यजमान असल्यामुळे मला माझ्याच घरात दाराबाहेर उभं राहून सरदारजींच्या पगडीवरून मॅच बघावी लागत होती. ताई सुट्टी घेऊन बाल्कनीच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसत. पाठ टीव्हीकडे, तोंड वायरीकडे. कोणी चौकार मारला की सगळी खोली उसळायची आणि ताई वेलाला काही धक्का लागला नाही ना, ते बघायच्या.

आठव्या दिवशी आपल्या बोलरने एक मोठी विकेट घेतली आणि धारपांनी हातात कप आहे हे विसरून टाळी वाजवली. उकळता चहा मनगटापासून कोपरापर्यंत. धारप नाचायला लागले ते आनंदाने की भाजल्यामुळे, हे आधी कोणालाच कळलं नाही. साधना बर्फ शोधायला धावली. फ्रीजमध्ये बर्फ नव्हता, तीस माणसांच्या सरबतात गेला होता. तेवढ्यात ताई उठल्या. त्यांनी माझ्या कोरफडीच्या चार पानांतलं सगळ्यांत जाड पान बुडापासून मोडलं, नखाने साल सोलली आणि धारपांचा हात नळाखाली धरून, गार करून, त्यावर तो गर शेवयांसारखा पसरला. धारप दोन मिनिटांनी म्हणाले, "अरे वा, बिल्कुल थंड."

माझ्या वर्षभराच्या वादाला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता. मी म्हणालो, "बघा ताई. तुमचे वाल असते हाताला लावायला, तर काय झालं असतं?"

"धारपांना भूक लागली असती," ताई म्हणाल्या आणि परत खुर्चीवर जाऊन वायरीकडे तोंड करून बसल्या. पण त्या संध्याकाळी मी बघितलं, डब्याखालची वीट थोडी घसरली होती ती त्यांनी नीट सरकवून ठेवली होती. कोरफडीच्या बाजूची.

फेब्रुवारीच्या अखेरीस शेंगा खडखडल्या. ताईंनी एकेक स्वतः तोडली, सुपात टिचवली. एकाहत्तर दाणे निघाले. सोसायटीतले पाच-सहा जण वर जमले होते, कारण बारा दिवस एकत्र बसल्यावर सगळ्यांनाच त्या वेलाचं काहीतरी लागत होतं. सरदारजींनी एक दाणा हातात घेतला आणि विचारलं, "बस, ये ही था?" ताईंनी तो दाणा त्यांच्या हातातून परत घेतला. केबलवाल्याने नवी वायर घातली. पुढचा सामना सगळ्यांनी आपापल्या घरी बघितला आणि तिसऱ्याच ओव्हरला धारप खाली आले. म्हणाले, वर एकट्याला मजा येत नाही.

जूनमध्ये ताई पुन्हा गावी निघाल्या. एलटीसीचं वर्ष नव्हतं, तरी निघाल्या. पस्तीस दाणे पद्मजासाठी पुरचुंडीत बांधले होते आणि ती पुरचुंडी पर्समध्ये, पर्स छातीशी. निघायच्या आदल्या सकाळी, पावणेसातला, त्या आमच्याकडे आल्या. हातात एक वाटी होती. ती आमचीच. मार्चमध्ये साधनेने तिच्यातून होळीचं पुरण दिलं होतं, तेव्हापासून ती वरच होती. ताईंनी वाटी माझ्या हातात दिली. मी आत बघितलं. आत किल्ली होती.

मी किल्ली काढून मुठीत धरली. साधना आतून बाहेर येऊन उभी राहिली. मला एकदम काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, आणि असं वाटलं की मी नेहमी चुकतो. म्हणून मी ठरवून कामाचंच बोललो. म्हटलं, "ताई, तुळशीला दोन वेळा पाणी घालीन. फक्त एक सांगून ठेवा. उरलेले छत्तीस वाल घरात कुठे ठेवलेत? म्हणजे मी त्या बाजूला फिरकणारसुद्धा नाही."

"ते लॉकरात आहेत, पाटल्या काढून वरच्या फळीवरच्या बरणीत ठेवल्यात, त्या तुम्ही खात नाही."